हॉटेलातली टिप: हातात रोख, मशीनवर कार्ड की वेटरचा क्यूआर?

नीरफणस

प्रश्न छोटा आहे, पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, म्हणून इथे टाकतेय.

पाकिटात हल्ली नोटा नसतातच. बिल कार्डाने, नाहीतर यूपीआयने. मग

१) टिप बिलाच्या रकमेतच वाढवून मशीनवर मारली तर ती वेटरला मिळते, की मालकाच्या खात्यात जिरते?
२) बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर टिप द्यायची का? आणि तो काढायला सांगायचा तर नेमकं केव्हा आणि कुणाला?
३) किती? उडप्याकडे आणि मोठ्या हॉटेलात एकच टक्का लावायचा का?
४) आईबाबा मे महिन्यात एडिसनला (न्यू जर्सी) जाताहेत. हातात भारतीय कार्ड असेल. तिथे पावतीवर हाताने टिप लिहितात म्हणे. नक्की काय करायचं, ते पायरीपायरीने हवंय.

"टिप द्यावीच का" यावर भांडायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

गल्ल्यामागे

आधी पैसा कुठल्या वाटेने जातो ते बघा, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सुटेल.

रोख वेटरच्या हातात दिलीत, तर ती त्याच्या खिशात जाते. सगळ्यांची टिप एकत्र वाटायची पद्धत असेल तर डब्यात. मधे कोणी नाही. बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवलीत तर फोल्डर आधी गल्ल्यावर उघडतो, बिलाचे पैसे वळते होतात आणि उरलेलं वेटर काढून घेतो. मधे एक माणूस आला. बशीखाली नोट सरकवून उठलात, तर टेबल आवरायला येतो तो हेल्पर, वेटर नव्हे. त्याने उचलली तर त्याची चूक नाही, नोटेवर नाव लिहिलेलं नसतं.

आता कार्ड. आपल्याकडे चिपच्या कार्डाला पिन लागतो आणि पिन टाकायच्या आधी रक्कम पक्की व्हावी लागते. अमेरिकेसारखी नंतर टिप चढवता येत नाही. म्हणजे मशीन हातात येण्याआधीच सांगायचं, "बिल दोन हजार शंभरचं आहे, तेवीसशे मारा, दोनशे टिप." काही मशीनवर टिपचा वेगळा पडदा येतो, पण बऱ्याच ठिकाणी तो बंदच ठेवलेला असतो. ५,००० रुपयांपर्यंत नुसतं टेकवूनही कार्ड चालतं आणि पिन विचारला जात नाही. तिथे मशीनवरचा आकडा बघून मगच टेकवा.

ही वाढीव रक्कम मालकाच्या चालू खात्यात जमा होते. त्यानंतर दोन गोष्टी नीट घडाव्या लागतात. एक, कॅशियरने बिल मिटवताना सॉफ्टवेअरमध्ये २,१०० विक्री आणि २०० टिप अशी फोड करावी. दोन, रात्री हिशेब बंद करताना ते दोनशे गल्ल्यातून रोख काढून वेटरला किंवा डब्यात द्यावेत. पहिली पायरी चुकली की दिवसाअखेर मशीनची बेरीज विक्रीपेक्षा दोनशेने जास्त दिसते. गर्दीच्या रात्री कॅशियर ते "जास्तीचे" म्हणून लिहून मोकळा होतो. कुणाच्या टेबलाचे होते हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. तुमची टिप बहुतेक वेळा हरवते ती अशी. त्यात लबाडी असतेच असं नाही.

तिसरी अडचण गल्ल्यातच रोख नसण्याची. सगळं गिऱ्हाईक यूपीआयने देतं, मग रात्री वाटायला नोटा आणायच्या कुठून? अशा ठिकाणी कार्डावरची टिप पंधरा दिवसांनी नाहीतर पगाराबरोबर देतात.

वाटपाची रीतही माहीत असू द्या. बहुतेक जागी पॉइंट असतात. समजा कॅप्टनला (वेटरांवरचा प्रमुख) ३, वेटरला २, हेल्परला १. एक कॅप्टन, चार वेटर, तीन हेल्पर म्हणजे ३ + ८ + ३ = १४ पॉइंट. दिवसाचा डबा ४,२०० चा भरला तर एका पॉइंटला ३०० पडले: कॅप्टनला ९००, प्रत्येक वेटरला ६००, हेल्परला ३००. काही ठिकाणी स्वयंपाकघर आणि भांडीवाल्यांचाही वाटा असतो. आणि काही ठिकाणी फुटलेल्या काचसामानाचे पैसे याच डब्यातून कापतात, हे मात्र गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

थोडक्यात, "कार्डावर दिली तर तुम्हाला कधी मिळते?" हा प्रश्न वेटरला विचारा, मॅनेजरला नको. "रोज रात्री" असं पटकन उत्तर आलं तर खुशाल कार्डावर द्या. तो जरा घुटमळला, इकडेतिकडे बघू लागला, की समजायचं.

जमाखर्च

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो हॉटेलने लावलेला आकार आहे आणि पैसा हॉटेलचा. नाव तसं असलं तरी तो वेटरपर्यंत जाईलच याची हमी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, तो देत नाही म्हणून कुणाला आत यायला किंवा सेवा द्यायला नकार द्यायचा नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तिथे आधी स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ च्या निकालात न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. त्यावर त्यांनी अपील केलेलं आहे.

आता आकडे बघा. जेवण २,००० चं.

सर्व्हिस चार्ज नसताना: २,००० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे १००, एकूण २,१००.
१० टक्के सर्व्हिस चार्ज लावला की: २,००० + २०० = २,२००, त्यावर ५ टक्के म्हणजे ११०, एकूण २,३१०.

म्हणजे तुमचे जास्तीचे गेले २१०, त्यातले दहा सरकारला. तेच दोनशे तुम्ही स्वतःहून टिप म्हणून दिलेत तर त्यावर जीएसटी नाही.

काढायला सांगायची वेळ महत्त्वाची. बिल छापून टेबलावर आलं आणि पैसे दिलेले नाहीत, एवढ्याच मधल्या वेळात हे काम सोपं असतं. मॅनेजर बिल सुधारून पुन्हा छापतो, दोन मिनिटांत होतं. एकदा कार्ड चालवलं की मग परतावा, आणि तो यायला कामाचे काही दिवस जातात. वेटरला सांगून उपयोग नाही. बिलात फेरफार करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो, बिचारा मधल्यामधे अडकतो. मॅनेजरला बोलवा, आवाज न चढवता म्हणा, "यातला सर्व्हिस चार्ज काढा, टिप आम्ही वेगळी देतोय." दुसरं अर्धं वाक्य मुद्दाम घालायचं, कारण ते वेटरच्या कानावर पडतं. नाहीच ऐकलं तर पैसे द्या, बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

सर्व्हिस चार्ज दिलाच असेल तर वर पुन्हा दहा टक्के द्यायची काही गरज नाही. कुणी खास काळजी घेतली असेल, आजींना जिना चढायला हात दिला असेल, तर पन्नास-शंभर रोख हातात द्या, बस.

टक्का काढायचा तो कराआधीच्या रकमेवर. परमिट रूममध्ये बिलाचे दोन भाग येतात, जेवणावर जीएसटी आणि दारूवर राज्याचा व्हॅट. दोन्हीच्या मूळ रकमा घ्या. आणि सवलतीचं कूपन किंवा ॲपवरची सूट असेल तर टिप सवलतीच्या आधीच्या आकड्यावर. वाढणाऱ्याने तुम्हाला वीस टक्के कमी वाढलेलं नसतं.

दोन_कटिंग

किती द्यायचं? टक्क्याचा हिशेब जिथे फोल्डरमध्ये बिल येतं तिथेच लावावा.

उडप्याकडे दोघांचं बिल दोनशे-तीनशेचं असतं. तिथे १०-२० रुपये, बशीतल्या बडीशेपेशेजारी. मिसळीच्या दुकानात, इराण्याकडे तेच. स्वतः कूपन घेऊन स्वतःच ताट उचलायचं असेल तर काही नाही, गल्ल्यावर टिपचा डबा असेल आणि मन झालं तर सुटे टाका.

फॅमिली रेस्टॉरंटमध्ये ५ ते १० टक्के ठीक. दोन हजारांच्या बिलाला शंभर कमी वाटत नाहीत, दोनशे चांगले वाटतात. मोठ्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज नसेल तर १० टक्के.

थाळीचं गणित वेगळं. एका ताटाभोवती फरसाणवाला, भाजीवाला, पोळीवाला, आमटी-कढीवाला असे चारपाच वाढपी फिरतात. शेवटी बिल आणणाऱ्याला दिलीत तर तूप सढळ सोडणाऱ्याला काय मिळालं? अशा ठिकाणी गल्ल्याजवळचा डबा हीच योग्य जागा, तिथे सगळ्यांचं वाटप होतं.

पंधरावीस जणांचा वाढदिवस असेल तर जेवण सुरू व्हायच्या आधी कॅप्टनला अर्धी रक्कम आणि निघताना उरलेली, असं करणारे बरेच असतात. मला ते पटत नाही. आधी दिली की ती टिप राहत नाही, ओळख काढल्यासारखं होतं.

देण्याची रीत: बिल ८७० चं, तुम्ही हजार दिले. "बाकी ठेवा" म्हटलं तर १३० गेले, आणि कधीकधी ते तोंडातून निघून गेल्यावर लक्षात येतं. त्यापेक्षा देतानाच सांगा, "साठ परत द्या." सत्तर टिप झाली, कुणाला मोजत बसावं लागलं नाही. रुपया-दोन रुपयांच्या नाण्यांचा ढीग टाकू नका. तो टिप म्हणून नाही, खिसा हलका केल्यासारखा दिसतो. आणि वेटरला "शुक शुक" नको, "ए पोऱ्या" तर नकोच. दादा, भाऊ, वयाने मोठे असतील तर काका. पैसे देताना "हे तुमच्यासाठी" एवढं म्हटलं की पुरे.

सेवा वाईट होती का? आधी वाईट कुणाची होती ते बघा. जेवण उशिरा आलं हा दोष बहुतेक वेळा स्वयंपाकघराचा असतो. केओटी (स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) आत गेली की वेटरच्या हातात काही उरत नाही. त्याने दोनदा आत जाऊन विचारलं असेल तर टिप कापायचं कारण नाही. ऑर्डरच चुकीची लिहिली, पाणी मागून मागून थकलात, तर कमी द्या.

नीरफणस

मस्त माहिती, आभार. उपप्रश्न: वेटर स्वतःचा क्यूआर दाखवतात हल्ली. तो चांगला की हॉटेलच्याच क्यूआरवर जास्त भरायचं?

गल्ल्यामागे

हॉटेलचा क्यूआर दोन जातींचा. टेबलावर किंवा गल्ल्यावर उभा असलेला छापील क्यूआर: त्यात रक्कम तुम्ही टाकता, म्हणजे जास्त टाकता येते. मशीनच्या पडद्यावर किंवा बिलाखाली येणारा क्यूआर: त्यात रक्कम आधीच भरलेली असते आणि बदलता येत नाही. तिथे टिप घालायची तर क्यूआर काढायच्या आधी सांगावं लागतं, नाहीतर तो रद्द करून नवा काढावा लागतो. दोन्हींत पैसा मालकाच्याच खात्यात, म्हणजे वर लिहिलेली सगळी रडकथा पुन्हा लागू. फक्त यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर दीडदोन टक्के जातात, म्हणजे दोनशेच्या टिपमागे तीनचार रुपये. त्यासाठी कुणी अडून बसत नाही.

वेटरचा स्वतःचा क्यूआर म्हणजे जवळपास रोखच, त्याच्या खात्यात तिथल्या तिथे. पण दोन गोष्टी. बऱ्याच ठिकाणी कामाच्या वेळेत फोन जवळ बाळगायला मनाई असते आणि स्वतःचा क्यूआर दाखवणं शिस्तभंगात धरतात, कारण उद्या बिलही त्याच क्यूआरवर घेतलं तर मालकाने काय करायचं? म्हणून त्याने आपणहून दाखवला तर ठीक, तुम्ही सगळ्यांसमोर मागू नका. दुसरं, जिथे सगळ्यांची टिप एकत्र वाटतात तिथे हे पैसे डब्यात जात नाहीत आणि हेल्पर कोरडा राहतो.

स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव मोठ्याने वाचा. छापील क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवायचे प्रकार होतात. हॉटेलच्या नावाऐवजी भलतंच नाव आलं तर थांबा.

यूपीआय लाइट चालू करून ठेवा. १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि बँकेच्या पासबुकात पन्नास-शंभरच्या नोंदींची रांग लागत नाही.

कंपनीच्या खर्चाने जेवत असाल तर टिप कार्डावर नकोच. बिल २,१०० चं, कार्डाची स्लिप २,३०० ची, ऑफिसातला हिशेबवाला दोनशेसाठी तीन मेल पाठवणार.

हडसनकाठी

चौथा प्रश्न माझ्या वाट्याचा.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. अमेरिकेत टेबलावर येऊन वाढणाऱ्याला टिप हा पगाराचा मुख्य भाग आहे. केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, पण टिप मिळणाऱ्यांना मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून ७.२५ होत नसतील तर फरक मालकाने भरायचा. न्यू जर्सीत आकडे याहून वर आहेत, पण पद्धत तीच. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सूट नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. शिवाय सर्व्हरला (म्हणजे वाढणारीला) आपल्या विक्रीच्या ठरावीक टक्क्याने बारटेंडर आणि बसरला (टेबल आवरणारा) वाटा द्यावा लागतो, तोही बऱ्याच ठिकाणी टिपवर नव्हे, विक्रीवर मोजतात. तुम्ही शून्य टिप दिलीत तर तुमच्या टेबलापायी तिच्या खिशातून पैसे जातात.

त्यामुळे तिथे १८ ते २० टक्के हा नेहमीचा आकडा. दहा टक्के दिले तर सेवा आवडली नाही, असं समजतात.

पायऱ्या:

बिल येतं. आधी त्यात "ग्रॅच्युइटी" (बिलातच लावलेली टिप) किंवा "सर्व्हिस चार्ज" अशी ओळ आहे का बघा. सहा किंवा आठ माणसांच्या वर असाल तर बऱ्याच ठिकाणी १८-२० टक्के आधीच लावलेले असतात. आपली कुटुंबं एकत्र निघाली की आठ सहज होतात, आणि मग लोक दोनदा टिप देऊन येतात.

कार्ड फोल्डरमध्ये ठेवायचं. सर्व्हर ते घेऊन आत जाते. आईबाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बाबा मागे धावतील. परत येताना कार्ड आणि दोन स्लिपा येतात, एक दुकानाची, एक गिऱ्हाइकाची. आत्तापर्यंत कार्डावर फक्त बिलाइतकी रक्कम अडवून ठेवलेली असते.

दुकानाच्या स्लिपवर तीन ओळी: टिप, टोटल, सही. उदाहरण घ्या. जेवण ६४ डॉलर, न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के म्हणजे ४.२४, बिल ६८.२४. टिपच्या ओळीत १२.८०, टोटलच्या ओळीत ८१.०४, सही. टोटलची ओळ रिकामी सोडायची नाही. आणि बेरीज चुकवायची नाही, कारण दोन आकडे जुळले नाहीत तर दुकानदाराने कुठला धरायचा यावरून घोळ होतो. टिप रोख देणार असाल तर टिपच्या ओळीत "कॅश" लिहा आणि टोटलमध्ये ६८.२४ पुन्हा लिहा.

झटपट हिशेब: न्यू जर्सीत कराची तिप्पट म्हणजे जवळजवळ वीस टक्के. ४.२४ गुणिले ३ म्हणजे १२.७२. न्यूयॉर्क शहरात कर ८.८७५ टक्के, तिथे दुप्पट करा, पावणेअठरा होतात.

गिऱ्हाइकाची स्लिप घरी न्या, त्यावरही टिप आणि टोटल लिहून. तोच पुरावा. बँकेचा मेसेज आधी ६८.२४ चा येतो आणि दोनतीन दिवसांनी खात्यात ८१.०४ पडतात. ही फसवणूक नाही, टिप चढवून केलेली अंतिम वसुली आहे. ८१.०४ पेक्षा जास्त पडले तर मात्र स्लिप काढा.

हल्ली टेबलावरच हातातलं मशीन आणतात, १८, २०, २२, २५ अशी बटणं. बटणं बहुतेकदा करासकट रकमेवर टक्का काढतात: ६८.२४ वर २० टक्के म्हणजे १३.६५, मगाच्यापेक्षा ८५ सेंट जास्त. खटकत असेल तर "कस्टम" दाबून १२.८० टाका.

भारतीय कार्डाबद्दल खास. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, तो मुळात बंद असतो. तिथल्या दुकानात ओटीपी येत नाही, त्याची वाट बघत बसू नका. मशीनने "रुपयांत की डॉलरमध्ये" विचारलं तर डॉलर, नेहमी डॉलर, रुपयांचा दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो. बँकेचा परकीय चलन आकार साडेतीन टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के पडतो. ८१.०४ डॉलरवर साधारण ३.३५ डॉलर. प्रीपेड फॉरेक्स कार्ड असेल तर बिलाच्या निदान सव्वापट शिल्लक ठेवा. काही रेस्टॉरंटं टिप धरून आधीच जास्त रक्कम अडवतात, आणि शिल्लक नेमकी बिलाएवढीच असेल तर चारचौघांत कार्ड नाकारलं जातं.

ओक ट्री रोडवर (एडिसनमधला भारतीय दुकानांचा रस्ता) चाटच्या आणि वडापावच्या काउंटरवर टॅबलेट फिरवून टिप विचारतात. तिथे ताट तुम्हीच उचलता, "नो टिप" दाबायला संकोच नको. बुफेत ताटं उचलणं, पाणी भरणं एवढंच काम असतं, तिथे दहा टक्के चालतात.

रोख द्यायची तर एक, पाच, दहाच्या नोटा. चिल्लर ठेवू नका.

पाटावरची

एवढं कशाला? रोख द्या, विषय संपला. कर नाही, शुल्क नाही, मालक नाही. अमेरिकेतही सर्व्हर रोखच पसंत करतात, कारण ती टॅक्समध्ये दाखवावी लागत नाही.

जमाखर्च

रोखीचा सल्ला ठीक, कारण चुकीचं. दोन्ही देशांत टिप हे उत्पन्न आहे, रोख असो वा कार्ड.

भारतात यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे, २६ एप्रिल २०१६, आयटीसी विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त. कार्डावरून आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तर ती पगार धरून हॉटेलने टीडीएस कापायचा का, हा वाद होता. न्यायालय म्हणालं, नाही. ही रक्कम गिऱ्हाइकाकडून येते, हॉटेल ती विश्वस्त म्हणून नुसती पुढे पोचवतं, त्यामुळे तो पगार नाही आणि टीडीएस नाही. कर्मचाऱ्याच्या हातात ते "इतर उत्पन्न". ज्यांना कार्डावर टिप दिली की कापून मिळते असं वाटतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. आणि कुणी मालक "कार्डावरच्या टिपवर टॅक्स कापावा लागतो" असं वेटरला सांगत असेल, तर तो थाप मारतोय.

हडसनकाठी

बरोबर. अमेरिकेतही महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टिप झाली की पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला लेखी कळवावी लागते, रोख धरून. आणि २०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपला केंद्रीय प्राप्तिकरात वजावट मिळते, कार्डावरचीही त्यात येते. म्हणजे "रोख द्या, तिचा टॅक्स वाचेल" हे आता बरंचसं पोकळ झालंय. मोठ्या टेबलाला आपोआप लावलेली ग्रॅच्युइटी मात्र करखात्याच्या लेखी टिप नव्हे, तिला ही वजावट नाही.

रोखीचा खरा फायदा दुसरा. केंद्रीय नियमांनुसार मालक कार्डाच्या शुल्काचा टिपच्या वाट्याला येणारा भाग कापू शकतो. कॅलिफोर्नियात ते चालत नाही.

थेम्सपलीकडे

लंडनला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे बिलात बहुधा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज असतो आणि खाली "ऐच्छिक" लिहिलेलं असतं. तो दिलात की वर टिप नको. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदा आहे की टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णच्या पूर्ण कर्मचाऱ्यांना द्यायचा, ज्या महिन्यात मिळाला त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत, कार्डाचं शुल्कही न कापता. म्हणून तिथे कार्डावर द्यायला हरकत नाही. नको असेल तर "सर्व्हिस चार्ज काढा प्लीज" म्हणायचं, मशीनवर आकडा येण्याआधी.

शॅकवाला

गोव्याचं राहिलं. शॅकवर (किनाऱ्यावरचं मोसमी, तात्पुरतं हॉटेल) काम करणारे बरेचसे पोरगे मोसमी, बाहेरच्या राज्यातले. ऑक्टोबरात येतात, पावसाळ्याआधी शॅक मोडला की घरी जातात. कार्डावरची टिप महिनाअखेरीला वाटायची पद्धत असेल आणि तुम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दिलीत, तर ती घ्यायला तो तिथे नसतो. शॅकवर रोखच. शिवाय किनाऱ्यावर नेटवर्क गेलं की क्यूआरही गेला.

नीरफणस

सगळ्यांचे आभार. बाबांसाठी एका चिठ्ठीवर लिहून देते: ग्रॅच्युइटीची ओळ बघा, कर गुणिले तीन, टोटल लिहा, सही, एक स्लिप घरी. काही राहिलं का?

हडसनकाठी

पेन. फोल्डरमधलं पेन लोक चुकून घेऊन जातात, आणि मग पुढच्याला सही करायला काही नसतं. बाबांच्या खिशाला एक असू दे. आणि दोन स्लिपांपैकी "मर्चंट कॉपी" लिहिलेली टेबलावर ठेवायची, "कस्टमर कॉपी" घरी. उलट झालं तर टिप चढायची राहू शकते.